टोफेल देऊन आलात तरी परत इंग्लिशची टेस्ट: अमेरिकेतल्या प्लेसमेंट टेस्टचा आणि त्यानंतरच्या क्लासचा माझा अनुभव

युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण यात तक्रारी पण आहेत आणि मी अजून तिथेच आहे, थिसिस संपत आलाय. मिडवेस्टमधली मोठी सरकारी युनिव्हर्सिटी आहे एवढं पुरे. मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी मिडियम, नंतर इंजिनिअरिंग इंग्लिशमधून, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये इथे सिव्हिलमध्ये मास्टर्सला आले. दर वर्षी जून-जुलैमध्ये नवीन येणाऱ्या मुलांचे तेच प्रश्न असतात, टोफेल (परदेशी युनिव्हर्सिटीत प्रवेशासाठी द्यायची इंग्लिशची परीक्षा) दिलीये तरी इथे पोचल्यावर युनिव्हर्सिटीची स्वतःची इंग्लिशची टेस्ट, म्हणजे प्लेसमेंट टेस्ट, परत का, दिली नाही तर चालतं का, कमी मार्क पडले तर ॲडमिशन जातं का व्हिसाचं काय होतं. मला हे सगळं कोणी धड सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे पहिला महिना नुसता टेन्शनमध्ये गेला, म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं झालंय पण वाचा.

माझं रेटिंग असं: टेस्टला ५ पैकी साडेतीन, टेस्टमधून ज्या क्लासला बसवलं त्या क्लासला साडेचार, आणि रिझल्ट कळवायच्या पद्धतीला १.

पहिली गोष्ट, या टेस्टमध्ये कोणी नापास होत नाही आणि ॲडमिशनही जात नाही. टोफेल-आयईएल्टीएस या ॲडमिशनआधीच्या परीक्षा दारापर्यंत आणतात, आत कुठल्या वर्गात बसायचं ते ही टेस्ट ठरवते. माझ्याकडे रायटिंगच्या दोन लेव्हल होत्या, खालची आणि वरची, आणि तिसरा निकाल म्हणजे क्लासची गरज नाही. स्पीकिंगचं वेगळं. इलिनॉय, आयोवा स्टेट अशा बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये अशा स्वतःच्या प्लेसमेंट टेस्ट आहेत, पर्ड्यूमध्ये टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारे विद्यार्थी) होणाऱ्यांसाठी बोलण्याची वेगळी टेस्ट आहे, म्हणजे ही एखाद्याच ठिकाणची पद्धत नाही.

टोफेल असताना हे परत कशाला, याचं उत्तर मला आमच्या क्लासच्या बाईंनी दिलं आणि ते पटलं. बघा, एकाच वर्गात कोणी टोफेलचे १२० पैकी मार्क घेऊन येतो, कोणी आयईएल्टीएसचे ९ पैकी बँड, कोणी पीटीईचे १० ते ९० मधले, कोणी ड्युओलिंगोचे १६० पैकी, आणि जानेवारी २०२६ पासून तर टोफेलनेच १ ते ६ अशी नवीन पट्टी आणलीये. हे सगळे आकडे एकमेकांत बदलायचे तक्ते असतात, म्हणजे टोफेलचे जुने ७२ ते ९४ म्हणजे भाषेच्या युरोपियन पातळ्यांमधली बी-टू आणि ९५ पासून त्याच्या वरची सी-वन असं धरतात, पण त्यातून या मुलीला या सेमिस्टरमध्ये काय शिकवायचं ते कळत नाही. टोफेलला या युनिव्हर्सिटीच्या क्लासमध्ये काय शिकवतात ते माहीतच नाही. प्लेसमेंट टेस्ट त्याच लोकांनी बनवलेली असते जे तो क्लास शिकवतात, त्यामुळे तुमच्या कागदात काय कमी आहे आणि आपल्या कुठल्या वर्गात ते भरून निघेल एवढंच ते बघतात. बाई सांगत होत्या की १९४१ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू झालं, आणि टोफेल आली थेट १९६४ मध्ये, म्हणजे आलेल्याला वर्गात कुठे बसवायचं हा प्रश्न टोफेलपेक्षा जुना आहे.

आता माझं. टोफेल ९६ होता, रीडिंग २७, लिसनिंग २६, स्पीकिंग २२, रायटिंग २१. आमच्याकडे एकूण १०० च्या खाली असेल तर टेस्ट कंपल्सरी. आमच्या कोचिंगमध्ये सरांनी रायटिंगचा एक साचा पाठ करून घेतला होता, पहिलं वाक्य काय, दुसऱ्या पॅराची सुरुवात कशी, शेवटी काय, आणि तो साचा टोफेलला चालला कारण मी दिली तेव्हा रायटिंगचा सेक्शन अर्ध्या तासाच्या आतच होता. सरांना मी दोष देत नाही, त्यांचं काम मार्क आणून देणं होतं आणि ते त्यांनी केलं.

मी मंगळवारी संध्याकाळी पोचले आणि टेस्ट गुरुवारी दुपारी २ वाजता. इथले दुपारचे २ म्हणजे उन्हाळ्यात सांगलीतले रात्रीचे साडेबारा. आख्खा हॉल आशियातून दोन-तीन दिवसांपूर्वी उतरलेल्या मुलांनी भरलेला, माझ्या शेजारचा मुलगा वाचता वाचता दोनदा झोपला, खरंच झोपला, आणि या दोन तासांवर पुढचं आख्खं सेमिस्टर ठरणार. टेस्टचा दीड मार्क मी इथेच कापलाय. एक ऑनलाइन स्लॉट जुलैमध्ये पण असतो, घरून देता येतो, पण तो एका मेलच्या तळाशी लिंकमध्ये होता आणि व्हिसाच्या गडबडीत माझ्या नजरेतून सुटला, आणि नंतर विचारलं तर आमच्या बॅचमधल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. ही गोष्ट मोठ्या अक्षरात वर लिहायला काय हरकत आहे?

पेपर मात्र चांगला होता, हे मान्य करायलाच पाहिजे. ग्रामरच्या रिकाम्या जागा भरा वगैरे काही नाही. आधी दोन-तीन पानांचा एक लेख वाचायला, मग त्याच विषयावर दहा मिनिटांचं लेक्चर ऐकवलं ज्यात लेखातल्या मुद्द्यांना विरोध होता, नोट्स काढायला परवानगी, आणि मग पन्नास मिनिटांत निबंध, दोन्हींचा आधार घेऊन तुमचं मत मांडा. इथे सेमिस्टरभर जे करायचं असतं तेच करून घेतात, वाचा, ऐका, दोन्ही जोडून लिहा. मी मस्त लिहिलं असं मला वाटलं होतं, दोन पानं भरली होती.

स्पीकिंगला दोन जण समोर. थोडी ओळख, मग तुमच्या विषयातली एक कल्पना पहिल्या वर्षाच्या मुलाला समजेल अशी फळ्यावर समजवा. मी शंभर वर्षांचा पूर घेतला. आमच्याकडे २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची, आमच्या गल्लीत बोट आली होती, आणि लोक म्हणत होते आता शंभर वर्षं काळजी नाही. तर मी ते समजवलं की शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा असं नाही, दर वर्षी तो यायची शक्यता १ टक्का, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. विषय मनातला होता म्हणून बोलणं आपोआप येत गेलं. एका ठिकाणी मात्र अडले, मी पुलाचा पिअर, म्हणजे खांब, त्यावर पाण्याच्या खुणा असतात असं सांगत होते आणि त्या दोघांना ते बिअर ऐकू येत होतं, तीनदा सांगितलं तरी बिअर. शेवटी खांब काढून दाखवला. याचं कारण मला नंतर कळलं, खाली सांगते.

रिझल्ट कधी आला? शनिवारी रात्री, आणि सोमवारी कॉलेज सुरू. स्पीकिंगला क्लासची गरज नाही, रायटिंग खालची लेव्हल, तीन क्रेडिटचा क्लास, पहिल्याच सेमिस्टरला घ्यायचा, डिग्रीत धरला जाणार नाही. फक्त एवढीच एक ओळ. कुठे कमी पडलं, कोणी तपासलं, काही नाही. मी ॲडव्हायझरशी बोलून तीन विषय घेऊन ठेवले होते, त्यातला एक रविवारी काढून टाकावा लागला, आणि तो विषय एक सेमिस्टर आड असतो म्हणून मला तो करायला आख्खं वर्ष थांबावं लागलं. घरी फोन केला तर आई म्हणाली अगं तू तर फर्स्ट क्लास आहेस, परत इंग्लिश शिकवणार का तुला? तिला समजवताना मला रडू आलं. मराठी मिडियमच्या मुलांना हा निकाल फार लागतो, कारण आपल्याला इंग्लिश येत नाही ही भीती आपण पाचवीपासून बाळगून असतो आणि इतक्या लांब येऊन कोणीतरी त्यावर शिक्काच मारला असं वाटतं. तो शिक्का नसतो हे मला तेव्हा कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. तपासणाऱ्यांनी चार ओळी लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं, म्हणून रिझल्टच्या पद्धतीला १.

क्लास. पंधरा जण, व्हिएतनाम, ब्राझील, इराण, चीन, तुर्कस्तान, आणि आम्ही दोघं भारतातले. पहिल्याच दिवशी बाईंनी काही न शिकवता परत एक निबंध लिहून घेतला, आणि म्हणाल्या टेस्टच्या दिवशी तुमच्यातले निम्मे झोपेत होते हे मला माहितीये, हा बघून कोणी चुकीच्या वर्गात बसलं असेल तर या आठवड्यातच हलवते. आणि खरंच हलवलं. दुसरा भारतीय मुलगा पुण्याचा, पहिलीपासून इंग्लिश मिडियम, तो टेस्टला फॉर्मॅलिटी समजून दोन पॅरा लिहून उठला होता, त्याला तीन दिवसांत क्लासमधून मोकळं केलं. ब्राझीलची एक मुलगी वरच्या लेव्हलला गेली. मी तिथेच राहिले. ही दुसऱ्या तपासणीची सोय आहे म्हणून मी टेस्टला अडीच न देता साडेतीन देतेय, कारण दोन तासांची कुठलीही टेस्ट कोणाच्या तरी बाबतीत चुकणारच, ती चूक पहिल्या आठवड्यात पकडली गेली तर फार नुकसान होत नाही.

मला बाईंनी ऑफिसमध्ये बोलवून माझा टेस्टचा मूळ पेपर दाखवला, मागितला तर दाखवतात हे लक्षात ठेवा. ग्रामरच्या चुका होत्याच, 'अ' आणि 'द' कुठे लावायचं हे मला तेव्हाही नीट कळत नव्हतं कारण मराठीत ती भानगडच नाही, आपण नुसतं पूल म्हणतो आणि कुठला पूल ते बोलण्यावरून कळतं. पण खालची लेव्हल त्यामुळे नव्हती मिळाली. त्यांनी पिवळ्या मार्करने पाच वाक्यं रंगवली होती, ती मी लेखातून जशीच्या तशी उचलली होती. मला त्यात काही चूक आहे हेच माहीत नव्हतं! आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात पुस्तकातलं वाक्य शब्दशः आलं की पूर्ण मार्क, मी विज्ञानाचे सगळे पेपर तसेच लिहिले आणि चांगले मार्क मिळवले. इथे त्यालाच चोरी म्हणतात, आणि तेच वाक्य थिसिसमध्ये गेलं असतं तर प्रकरण कमिटीपुढे गेलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, तू चोरी केली असं मी म्हणत नाही, तुला वेगळ्या पद्धतीने लिहायला शिकवलंय, म्हणून तर तू या वर्गात आहेस. मला त्या वाक्याने फार हलकं वाटलं.

मग सोळा आठवडे आम्ही हेच केलं. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं सांगायचं, म्हणजे नुसते शब्द बदलून नाही, वाचायचं, कागद उलटा ठेवायचा, मग लिहायचं. कोणाचं मत कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते वाक्यात दिसलं पाहिजे. आणि दावा किती जोरात करायचा. हे तिसरं मला सगळ्यात उपयोगी पडलं. मी लिहायचे की धरणाच्या विसर्गामुळे पूर आला, संपलं. बाई विचारायच्या, तुझ्या आकड्यांवरून हे सिद्ध होतंय की तसं दिसतंय? पावसाचा वाटा? नदीपात्रातल्या अतिक्रमणाचा? मग मी लाइकली, मे, सजेस्ट हे शब्द वापरायला लागले, आणि नुसते शब्द नाहीत, माझा विचारच बदलला, आपल्याला किती माहितीये ते मोजून बोलायची सवय लागली. आज थिसिसचं चॅप्टर गाईडकडे जातं तेव्हा तो भाषेवर जवळजवळ काही लिहीत नाही, त्याच्या कमेंट्स हायड्रॉलिक्सवर असतात, आणि मला तेच हवं होतं.

बारीकसारीक गोष्टी पण मिळाल्या. आपण सर, आय हॅव अ डाउट म्हणतो म्हणजे शंका आहे, प्रश्न आहे. इथल्या प्रोफेसरला ते मला तुमच्या म्हणण्यावर विश्वास नाही असं ऐकू येतं. पास्ड आउट म्हणजे इथे बेशुद्ध पडला. बाईंनी याला चूक म्हटलं नाही, म्हणाल्या भारतात हे बरोबरच आहे, इथे समोरच्याला काय कळतं तेवढं बघ. हा फरक त्यांना कळत होता म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

आणि ते पिअर-बिअर. स्पीकिंगला क्लास नव्हता तरी आठवड्याला अर्धा तास एक ट्यूटर फुकट मिळायचा. त्याने तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरायला लावली. तो पिअर म्हणाला की पट्टी हलायची, मी म्हटलं की हलायचीच नाही. इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क बरोबर हवा बाहेर येते, आपल्या फ, ठ, ख सारखी जराशी, आणि आपण पेपर, टेबल, कार म्हणताना स्वच्छ प, ट, क म्हणतो ज्यात हवा नसते, म्हणून त्यांच्या कानाला आपला प हा ब वाटतो. मराठी माणसाला हे एका दिवसात जमतं कारण प आणि फ आपल्याकडे वेगवेगळे आहेतच, फक्त कुठे लावायचं ते कोणी सांगावं लागतं. दुसरं म्हणजे जोर. आपण डेव्हलपमेंटची सगळी अक्षरं सारखी म्हणतो, ते 'व्हे'वर जोर देतात आणि बाकीची खाऊन टाकतात. जोर चुकला तर शब्द ओळखूच येत नाही, उच्चार थोडा वेगळा असला तरी चालतो.

अजून एक खटकलं ते सांगायलाच पाहिजे. काही देशांच्या पासपोर्टवर टेस्टमधून सरसकट सूट आहे आणि भारत त्या यादीत नाही, त्यामुळे ज्याने आयुष्यभर इंग्लिशमध्येच शिकलंय त्यालाही बसावं लागतं. उलट माझी एक लॅबमेट टोफेल १०२ वर सुटली, तीन वेळा परीक्षा देऊन तिने ते १०२ आणले होते, आणि आता थिसिस लिहिताना ती रडकुंडीला आलीये, वरून तिला तो क्लास मागूनही मिळत नाही कारण जागा टेस्टवाल्यांनाच आधी. एकूण आकड्यावर सूट द्यायची हेच चूक आहे माझ्या मते. बघायचं तर रायटिंगचे मार्क वेगळे बघा, माझे रीडिंग-लिसनिंग मिळून ५३ होते, त्यांनी माझं लिहिणं सुधारणार होतं का?

पैशाचं सांगते कारण ते सगळे विचारतात. मला असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीत काम करायचं, त्या बदल्यात फी) होती म्हणून त्या तीन क्रेडिटचे वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत, पण स्वतःच्या खर्चाने येणाऱ्याला प्रत्येक क्रेडिटचे लागतात आणि डिग्रीत न धरल्या जाणाऱ्या क्लासचे पण लागतात, घरी लोन असेल तर हे आधीच हिशोबात धरा. आमच्याकडे ती तीन क्रेडिट फुल टाइम विद्यार्थी राहायला लागणाऱ्या ९ क्रेडिटमध्ये मात्र धरतात, त्यामुळे एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाला काही अडचण आली नाही. तुमच्याकडे तसंच आहे का ते इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून लेखी घ्या. टीए व्हायचं असेल तर बोलण्याची अट वेगळी असते, पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत तर १९९० पासून तसा कायदाच आहे की शिकवणाऱ्याचं इंग्लिश तपासलेलं पाहिजे, त्यामुळे विभागाने टीएशिप कबूल केली तरी ती टेस्ट काढावी लागते.

यंदा येणाऱ्यांनी जुलैचा ऑनलाइन स्लॉट आहे का ते आजच शोधा, मेलमध्ये नाही सापडला तर फोन करा. टेस्टला पाठ केलेला साचा लिहू नका, तपासणारे तो दुसऱ्या ओळीत ओळखतात, आणि लेखातलं वाक्य घेतलंच तर अवतरण चिन्हात घ्या. मुद्दाम कमी लिहून सोपा वर्ग मिळवायचा प्रकार पण काही जण सांगतात, अजिबात करू नका, तीन क्रेडिट आणि एक विषय जातो. पहिल्या सेमिस्टरला कठीण विषय ठरवताना एक पर्याय हातात ठेवा. आणि खालची लेव्हल आली तर पहिल्या आठवड्यात बाईंकडे किंवा सरांकडे जाऊन आपला पेपर बघायला मागा, मी पंधरा मिनिटं बसले होते तो पेपर घेऊन, अजून माझ्याकडे त्याचा फोटो आहे.